दुपारी मळणारी काच

दीड वाजला आणि काचा पुन्हा काळवंडल्या.

“आलात का परत?” मावशी डागांना म्हणाल्या आणि गार पाण्याची बादली घेऊन बाहेरच्या गॅलरीत गेल्या.

एकोणीस वर्षं त्या या कचेरीच्या काचा पुसत होत्या. महिन्यापूर्वी नव्या काचा बसल्या तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, “मावशी, फार महागाची काच आहे. एक डाग दिसला तर मी दुसरी बाई बघेन.” ही काच उन्हाने तापली की आपणहून गडद होते आणि खोली थंड राखते, हे सांगायचं मात्र राहून गेलं. कचेरीत सगळ्यांना तसं पत्रक गेलं होतं. बादलीला कोण पत्रक देतं?

गार फडकं फिरलं की काच निवायची, निवली की लख्ख व्हायची. मावशी खूश. पाच मिनिटांत काच पुन्हा काळी, मावशी पुन्हा हजर. चार वाजेपर्यंत ही झटापट चाले. आत ऊन, एसी धापा टाकतोय आणि घामाघूम साहेब खिडकीकडे पाठ करून काच बसवणाऱ्या इंजिनियरला फोनवर फैलावर घेताहेत.

आज इंजिनियर स्वतःच आला आणि साहेबांशेजारी खुर्ची टाकून बसला. काच गडद झाली तसा त्याचा चेहरा खुलला. तेवढ्यात पलीकडून फडकं आलं.

तो खिडकी उघडून म्हणाला, “मावशी, काय करताय?”

“दिसत नाही का? पुसतेय. कसली काच लावलीत, मेली भर दुपारीच मळते.”

“मळत नाही हो ती. ऊन अडवायला काळी होते. तुम्ही गार पाण्याने तिचं सगळं काम पुसून टाकताय.”

मावशींनी फडकं पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिल्या. “म्हणजे माझी गरज संपली म्हणा.”

“आणि धूळ कोण पुसणार? ती काही काचेला जमत नाही. फक्त सकाळी पुसा, उन्हाच्या आधी.”

“मग हे सांगायला महिनाभर तोंडाला काय झालं होतं?” मावशी साहेबांकडे बघून म्हणाल्या. साहेब घाईने कुठलीशी फाइल शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मावशी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आत, गारव्यात, रिकाम्या बसल्या. काच काळी होत गेली. हात काही स्वस्थ बसेनात. शेवटी त्या बाहेर गेल्या, तळवा बादलीत बुडवला आणि काचेवर दाबून धरला.

हात काढला तेव्हा साहेबांच्या टेबलावर पाच बोटांचं ऊन पडलं होतं. साहेबांनी वर पाहिलं. हळूच फाइल बाजूला सरकवली आणि ते ऊन मिटेपर्यंत तिथे काही ठेवलं नाही.