वाळू घट्ट झाल्यावर

काळ्या रानात घर बांधलं की भिंतींना तडे जाणारच, हे मेहकरकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून आमच्या यांनी, निवृत्तींनी, पैनगंगेच्या काठची रेताड जागा धरली. काळ्या मातीसारखी वाळू फुगत नाही म्हणे! फुगत नाही, पण सरकते, हे कोण सांगणार? भिंती चढल्या आणि एक कोपरा खचला.

त्या जागी पूर्वी वाळू उपसल्याचा खोल खड्डा होता. माझी नणंद संजीवनी लहानपणी त्याच्या काठावर खेळत असताना काठ तिच्यासकट ढासळला. खोदून खोदून माणसं थकली, मग पूर आला आणि खड्डा भरून गेला. सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, तिचा दहावा कधी होऊ दिला नाही. पोर सापडलीच नाही, तर दहावा कशाचा?

खचलेल्या कोपऱ्यासाठी बुलढाण्याहून गजेंद्र ठेकेदार आला. जमिनीत भोकं पाडून पंपाने पातळ सिमेंट सोडायचं, म्हणजे खालची वाळू धरून बसते. सासूबाई भोकावरच जाऊन बसल्या.

"भाऊ, नोको बांधू. वाळू मोकळी हाये तवरोक पोरीले वर येता येईन."

"आजी, घर पडंल ना मंग!"

"पडू दे."

माझं डोकं फिरलं. भाड्याच्या खोलीत ओल पुसता पुसता माझी कंबर मोडली होती. "आत्याबाई, मेलेल्यापायी जित्या माणसानं उघड्यावर राहावं काय?" म्हणत मी त्यांना दंडाला धरून उठवलं.

पंप सुरू झाला. जमीन पीतच राहिली. गजेंद्र चक्रावला, पुन्हा पुन्हा सिमेंट कालवत राहिला. संध्याकाळी कुठे जमिनीने घेणं थांबवलं.

घर उभं राहिलं. कुठे तडा नाही. मी जाम खूश होते.

एका दुपारी फरशी पुसताना खालून टकटक ऐकू आली. यांना हाक मारली. यांनी कान लावला. "पाणी असंल," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

सासूबाई फरशीवर आडव्या झाल्या. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"वाळूत आवाज मुरत होता वं प्रेरणा. कवापासून ठोकत असंन लेकरू. आता आयकू येऊन राह्यलं."

त्यांनी बोटाने फरशी वाजवली. खालून लगेच, घाईघाईने, टकटक झाली.

हे घर मला जिवापाड प्यारं, खोटं कशाला बोलू? तरी फरशी फोडायला पहार मीच आणून दिली.