एका शिवणीपुरती जिद्द

मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. लातूरच्या एका गल्लीत खिडकीपाशी माझी जागा आहे. दुपारचे ऊन माझ्या काळ्या अंगावर येऊन बसले की मला गुंगी येते, आणि त्या गुंगीत जुने दिवस चालत येतात.

किल्लारीच्या बाजूला एक लहान खेडे होते. तिथे अमीरबी नावाची तरुण बाई कपडे शिवायची. तिच्या नवऱ्याने, जिलानीने, मला एसटीच्या टपावर बांधून लातूरहून आणले. अमीरबी दोन्ही पाय पायडलवर ठेवून मला अशी चालवायची की माझे चाक फिरते आहे की हवेत तरंगते आहे, ते मलाच कळत नसे. "अमीरबीची शिवण उसवत न्हाई," असे लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे भूकंप झाला. दगडमातीची घरे खाली बसली. जिलानी गेला. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा कलीम वाचला. अमीरबीचा उजवा पाय तुळईखाली चेंगरला. मला ढिगाऱ्यातून काढले, तेव्हा माझे चाक वाकले होते.

तीन महिने दवाखान्यात राहून अमीरबी पत्र्याच्या शेडमध्ये आली. उजव्या पायात जीव नव्हता. ती दिवसभर पडून असायची. एकदा भंगारवाला आला, तेव्हा माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "घेऊन जा."

शेजारच्या शेडमध्ये शिवकांता राहायची. एका दुकानदाराची बायको. भूकंपात तिची लेक गेली होती. तिने भंगारवाल्याला परत पाठवले, लोहाराकडून माझे चाक सरळ करून आणले आणि अमीरबीला माझ्यासमोर बसवले.

"एक पाय हाय मला. एका पायानं मशीन चालत न्हाई," अमीरबी म्हणाली.

"मशीन नको चालवू. एक शिवण घाल, मग झोप."

अमीरबीने डावा पाय ठेवला. माझे चाक उलटे फिरले आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. चौथ्या वेळी वीतभर शिवण पडली, तीही वाकडी. दुसऱ्या दिवशी दोन पडल्या. तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. पुढचे आठ दिवस उठली नाही. मला वाटले, संपले.

शिवकांता रागावली नाही. नवव्या दिवशी ती उशीची खोळ घेऊन आली. अमीरबी ती शिवत असताना शिवकांता मध्येच म्हणाली, "इथंच थांब. सुई कापडातच राहू दे."

"अर्धवट?"

"हाव. म्हंजी उद्या सुरू करायला नको. फकस्त फुडं न्यायचं."

सकाळी अमीरबीच्या मनात कधी बळ असे, कधी नसे. पण सुई कापडात वाट बघत असे. ती नुसते बघायला म्हणून यायची आणि खोळ पुरी करून उठायची. हळूहळू माझे चाक पुन्हा तरंगू लागले. आता त्याचा ताल एका पायाचा होता, किंचित लंगडा, पण मला तो पहिल्यापेक्षा गोड वाटे. पुढे नव्या गावठाणातल्या शाळेचे गणवेश आम्ही दोघींनी शिवले.

वर्षे गेली. कलीम लातुरात रिक्षा चालवू लागला, तेव्हा आम्हीही इकडे आलो. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. कलीमची मुलगी मनतशा डॉक्टर व्हायचे म्हणून दुसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. पुस्तक माझ्या फळीवर उघडे असायचे आणि फोन तिच्या हातात. दुपार अशीच सरायची.

एक दिवस ती रडायला लागली. "दादी, क्लासमधल्या पोरींत जिद्द हाय. माझ्यात न्हाईच."

अमीरबी काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्यात तरी कुठं व्हती? मला वाटायचं, जिद्द यील, मग उठीन. ती आलीच न्हाई. मी आधी शिवण घातली, मग ती आली."

मग तिने नातीचा फोन माझ्या खणात ठेवला. "एक गणित सोडव. दुसरं अर्धं सोडून ऊठ."

पहिल्या दिवशी मनतशाने दहा मिनिटांत खण उघडला. अमीरबी काज करत राहिली. दुसऱ्या दिवशी खण अर्धा तास बंद राहिला. काही दिवस वायाही गेले. पण उन्हाळ्यापर्यंत माझा खण दुपारभर मिटलेला असे, आणि तिच्या पेनची कुरकुर ऐकत मला झोप लागे.

निकाल लागला. डॉक्टरकीला तिचा नंबर लागला नाही. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच नांदेडला फिजिओथेरपीचा अर्ज भरला. आज ती अहमदपूरला एका दवाखान्यात पडलेल्या माणसांना चालायला शिकवते. तिच्या हाताला धरून रोज कुणीतरी पहिले पाऊल टाकते.

मित्रांनो, अमीरबीच्या हाताला आता कंप आहे, तरी ती मला अधूनमधून तेल देते. म्हणून मी गंजले नाही. निश्चयालाही असेच जपावे लागते. तो थकला, तर मेला असे समजू नका. त्याला पेलेल एवढे लहान काम द्या. आणि कुणी हरलेले दिसले, तर उपदेश करण्याआधी त्याच्याजवळ थोडा वेळ नुसते बसा.