वाळूखालच्या घराचं दार

मी एक शिळा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनीतल्या एका चिमुकल्या बेटावर, वाळूखाली गाडल्या गेलेल्या घराचं मी दार होते.

किनाऱ्यावरच्या खडकातून मला सोडवलं तेव्हा इथे हेझलची, कठीण टरफलांच्या फळांची झाडं होती. माणसांनी ती हळूहळू चुलीत घातली, मोकळ्या जागेत सातू पेरला. मग वाऱ्याला अडवणारं कुणी उरलं नाही. वाळू येऊन उंबरठ्याशी बसू लागली.

घरातल्या म्हातारीला खोकला जडला. पाठोपाठ दोन नातवंडं खोकून खोकून गेली. उरलेल्यांना तिनं बाहेर काढलं आणि लेकाला म्हणाली, "दार लाव. मी हाक मारली तरी उघडू नकोस."

त्यानं मला सरकवलं, बाहेरून दगड रचले.

तिनं हाक मारली. लेक बाहेरच बसला होता, मला पाठ टेकून. आतून तिचे दोन्ही तळवे माझ्यावर टेकलेले. मी मधे. तो रडला, पण उठला नाही. हाक थांबल्यावर सगळे होड्यांत बसून निघून गेले, आणि वाळूनं आम्हा दोघींना झाकून टाकलं. तळव्यांची ऊब मात्र माझ्या अंगातून गेली नाही.

हजारो वर्षं गेली. परवाच्या वादळात किनारा खचला आणि वाळूखालचं घर उघडं पडलं. बेटावरच्या थॉर्फिन स्क्लेटरनं ट्रॅक्टरला साखळी लावून मला ओढत नेलं आणि मेंढवाड्याला दार म्हणून उभं केलं. मेंढ्या आत जाईनात.

"ढकल की! बघत काय बसलास?" त्याची बहीण इंगा ओरडली.

"ढकलतोच आहे ताई! पाय रोवून उभ्या आहेत मेल्या."

मला जरा सरकवायला म्हणून इंगानं हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आत कोण आहे रे?"

"कोण असणार? रिकामा वाडा."

"दगड गरम लागतोय. हाताएवढ्याच जागेत."

"वय झालं तुझं."

"मग तू लाव हात!"

त्यानं लावला. मेंढ्या तशाच सोडून घरात निघून गेला.

इंगानं ऊना फ्लेटला बोलावलं. जुन्या वस्त्या उकरून काढणं हे ऊनाचं काम. मोठ्या भरतीआधी ते जुनं घर मोकळं करायला हवं होतं. जमिनीत हेझलची जळकी टरफलं निघाली, आणि दाराच्या जागेमागे म्हातारी. गुडघे दुमडलेले, तळवे पुढे.

"कोंडून मारलं बिचारीला," ऊना म्हणाली.

"कशावरून? तिनंच सांगितलं असेल."

"हाडं एवढं सांगत नाहीत, काकू."

"मग कोंडलं, हे तरी कुठे सांगितलं त्यांनी?"

ऊना पुन्हा हाडांवरची वाळू झाडू लागली. मला खरं ठाऊक होतं, पण तोंड कुठून आणू?

त्या भरतीत घर समुद्रात गेलं. म्हातारी पेटीतून कर्कवॉलच्या संग्रहालयात गेली. आता मलाही नेणार आहेत. तिथे काचेमागे तिला निजवायचं आणि तिच्यासमोर मला दार म्हणून उभं करायचं, असं ठरलंय.

तेवढं करू नका. तिच्यासमोर मला पुन्हा उभं करू नका. मला आडवी घाला, ऊब असलेलं अंग वर करून, आणि माझ्यावर तिला निजवा. दार म्हणून मी तिच्यासाठी उघडले नाही. निदान अंथरूण तरी होऊ द्या.