डबीतलं मशीन

कानाची मशीनं विकणारा तो माणूस म्हणजे जिभेवर खडीसाखर, असं सगळा बाजार म्हणायचा. गिऱ्हाइकं तरी काय काय समज घेऊन यायची! मशीन लावलं की कान आळशी होतो, डोक्यात वीज शिरते, एक ना दोन. हा न चिडता समजवायचा, चहा पाजायचा, हसवून घरी पाठवायचा.

आणि घरी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आईला त्याने दुकानातलं सगळ्यात चांगलं मशीन दिलं होतं. ते दिवसभर डबीत. संध्याकाळी तो दारात दिसला की म्हातारी घाईघाईने कानात घालायची.

"दिवसभर का नाही घालत गं?" एका संध्याकाळी तो वैतागून ओरडला.

"झिजतं रे बाबा ते."

"झिजायला ती काय साबणाची वडी आहे? अगं, माझीच आई असं बोलते म्हटल्यावर लोक तोंडावर हसतील! नसेल घालायचं तर देऊन टाक कुणाला तरी!"

आईने मशीन काढून डबीत ठेवलं. रुसली असेल, उद्या नीट सांगू, म्हणून तो झोपला.

सकाळी तो दुकानात गेला आणि ती पाव आणायला निघाली. मागून टेम्पोवाल्याने हॉर्नवर हॉर्न दिले. अख्ख्या गल्लीने ऐकले, तिने नाही.

सगळं आटोपल्यावर शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसल्या. "किती वेळा म्हटलं तिला, रस्त्यावर तरी घाल. तर म्हणायची, भोंगे ऐकण्यात कशाला झिजवू? पोराचा आवाज शेवटपर्यंत ऐकू यायला हवा, त्यासाठी जपतेय."

आणि इतक्या जपलेल्या त्या मशीनमधून तिने शेवटचं काय ऐकलं? त्याचं ओरडणं. गिऱ्हाइकाला हा दहादा विचारायचा, असं का वाटतं तुम्हाला? आईला एकदाही विचारलं नव्हतं.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी एक आजोबा आले. मशीन खिशात.

"रोज घातलं तर लवकर संपेल ना रे?"

नेहमीचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं, पण आज त्याने ते दिलं नाही. तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"कुणासाठी जपताय, आजोबा?"

"नात बोलायला लागलीय."

"मग घाला. आत्ताच घाला. झिजत नाही हो ते. आईशप्पथ, झिजत नाही."

बोलून गेला, आणि तिथेच काउंटरवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागला.