शिंगाच्या मुठीचा चाकू

चाकणच्या बाजारात बैल घ्यायचा तर माणसं चार जाणत्यांना विचारत, पण चाकू घ्यायचा म्हटलं की एकाच माणसाकडं जात, दौलतरावांकडं. आता यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. खिशात ठेवायचा घडीचा चाकू, दिसला बरा की घेतला. असं म्हणणाऱ्याच्या खिशात गंजलेलं पातं असणार, लिहून ठेवा. चढावर बैलाच्या गळ्याला जोत्याच्या दोराचा फास बसतो, माणूस घाईघाईनं खिशात हात घालतो, आणि चाकू काही केल्या उघडत नाही. नखं तुटतात आणि बैल डोळे पांढरे करतो. दौलतरावांचा एक बैल असाच गेला होता, भामा नदीकाठच्या चढावर. तेव्हापासून गृहस्थानं चाकूचा ध्यासच घेतला.

बाजाराच्या दिवशी ते मीरासाहेबांच्या पालापुढं खोक्यावर ठाण मांडून बसत. मीरासाहेब चाकू, कात्र्या, अडकित्ते विकायचे आणि धारही लावून द्यायचे. दौलतराव बसले की गिऱ्हाईक येतं, म्हणून चहा मीरासाहेबांकडून. पण दौलतरावांनी नाक मुरडलेला माल पडून राहतो, म्हणून मनातून धास्तीही.

त्या दिवशी पालापुढं एक बाई आली. तिशीची, अंगानं काटक, कमरेला पानाची चंची. मीरासाहेबांनी कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मंजुळाबाई. आष्टीकडले आमी. दुष्काळात हिकडं आलो. कांद्याच्या वखारीत निवडणीला असते. रोज जवळ ठेवायला चाकू पायजे, ह्या चंचीत बसंल असा."

मीरासाहेबांनी लगेच शिंपल्याच्या मुठीचा एक चाकू पुढं केला. मुंबईचा माल, उन्हात नुसता चमचमत होता.

"घ्या बाई. बाईमाणसाला हाच शोभतो."

"शोभायला ती काय नथ हाय?" दौलतराव म्हणाले. "मीरासाहेब, ह्यो तुमच्या जावयाला द्या. बाई, तू हिकडं बघ."

आणि त्यांनी ढिगातून एक काळा, ओबडधोबड, शिंगाच्या मुठीचा चाकू काढला. बाईमाणूस मुद्दाम चाकू निवडायला आलंय म्हटल्यावर त्यांना चेव चढला होता. किती सांगू आणि किती नको, असं झालं त्यांना.

"एका हातानं उघडला पायजे. दुसरा हात कामात असतोय. मग कान द्यायचा." पातं उघडलं, खटका बसला. "आवाज एकदाच. दोनदा वाजला तर खिळा ढिला. आता मिटून उन्हाकडं धर. पात्यात आन् मुठीत फट दिसती का? न्हाई. म्हंजी चंचीत हात घातला तरी बोट कापनार न्हाई."

बाई एकेक गोष्ट करून बघत होती. मग तिनं विचारलं, "आन् दाबला तर? टोकावर भार टाकला तर मिटंल का?"

दौलतराव हरखले. एवढ्या वर्षांत एकाही बाप्यानं त्यांना हे विचारलं नव्हतं. "हा खरा सवाल," ते म्हणाले, आणि चाकूचं टोक खोक्याच्या फळीवर टेकवून त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. पातं फळीत रुतलं, पण खटका हलला नाही. "ज्याचा खटका कच्चा, त्याचं पातं सरळ आपल्याच बोटांवर येतं. ह्यो मिटायचा न्हाई."

त्यांनी दोन्ही चाकू गोणपाटावर ठेवले. चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही, हातात दिला की भांडण होतं. खाली ठेवायचा, ज्यानं त्यानं उचलायचा. बाई उचलायला वाकली, तेवढ्यात दौलतरावांना जिभेवर आलेलं आवरलं नाही.

"पर गोणीची सुतळी तर वढून कापत्यात. भार कुठं टाकनार तू?"

त्यांनी आपली गंमत केली होती. बाई मात्र तशीच थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "सुतळीला न्हाई पायजे."

"मग?"

"वखारीचा मुकादम हाय. सांजच्याला हजेरीच्या नावाखाली एकेकीला मागल्या खोलीत बोलावतो. दोघी काम सोडून गेल्या. कुनाला काय सांगितलं न्हाई त्यांनी, नुसत्या रडत गेल्या. काल माझा पदर धरला. मी झटकला, तर हसला. मला पोरं हायेत, मला काम सोडता यायचं न्हाई."

दौलतरावांच्या मस्तकात तिडीक गेली. माणूस तापट, आणि असल्या गोष्टीत तर विचारूच नका. "नाव सांग त्याचं. भर चावडीत जोड्यानं हाणतो का न्हाई बघ."

"नाक्यापल्याड ती पत्र्याची मोठी वखार हाय ना, तिथला. बबनराव म्हनत्यात. डाव्या भुवईवर जखमंची खूण हाय."

मीरासाहेबांचं धार लावायचं चाक थांबलं.

ती खूण दौलतरावांना ठाऊक नसेल तर कुणाला? पोर चार वर्षांचं असताना बैलगाडीवरून पडलं होतं, आणि रक्तानं माखलेलं ते पोर छातीशी धरून हेच दौलतराव वैद्याच्या दारापर्यंत पळत गेले होते. बबन त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाजार होता तिथंच होता, माणसं भाव करत होती, पण त्यांच्या कानांना काही ऐकू येईना. आपला बबन? आईच्या पाया पडल्याशिवाय घराबाहेर न पडणारा? खोटं असेल. बाई खोटं बोलत असेल. पण खोटं बोलायला कुणी चाकू विकत घेत नाही, हेही त्याच डोक्यात आलं.

पुढं त्यांनी जे केलं, ते त्यांनीच केलं यावर त्यांचा नंतर कधी विश्वास बसला नाही. काळा चाकू त्यांनी गोणपाटावरून हळूच ओढला, मांडीखाली सरकवला आणि शिंपल्याचा चाकू बाईपुढं ढकलला.

"ह्योच घे," ते म्हणाले. "हलका हाय. तुझ्या हाताला ह्योच बरा." स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. मीरासाहेब खाली बघत राहिले.

बाईनं चाकू उचलला. बिचारीनं विश्वासानंच उचलला. पण नुकतंच शिकवलेलं तिच्या हातात ताजं होतं. तिनं तो उघडला, कान दिला. मग टोक खोक्यावर टेकवलं आणि भार टाकला.

पातं कटकन मिटलं आणि तिच्या बोटावर आलं. रक्ताचे थेंब फळीवर पडले.

तिनं आधी बोटाकडं बघितलं. मग दौलतरावांकडं. नुसती बघत राहिली, त्यांच्या कपाळाकडं, नाकाकडं, हनुवटीकडं.

"तुमी त्याचे कोन?" तिनं विचारलं.

अजून खोटं बोलता आलं असतं. मीरासाहेबांनी चहाडी केली नसती. पण फळीवरचं ते रक्त बघून दौलतरावांना स्वतःची अशी शिसारी आली की खोटं तोंडातून निघेना. पोराला वाचवायला आपण एका बाईची बोटं पुढं केली. वखारीतल्या त्या अंधाऱ्या खोलीत हाच चाकू मिटला असता तर?

"बाप," ते म्हणाले.

मंजुळाबाईनं पदराची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली. "काळा द्या," ती म्हणाली.

त्यांनी मांडीखालून चाकू काढून गोणपाटावर ठेवला. तिनं तो पुन्हा उघडला, कान दिला, उन्हाकडं धरला, फळीवर दाबला. आता त्यांच्या शब्दावर काही सोडायचं नव्हतं. मग मिटून चंचीत टाकला आणि मीरासाहेबांचे पैसे चुकते केले. जाताना तिनं शिंपल्याचा चाकू उचलला आणि खाली न ठेवता सरळ दौलतरावांच्या हातात दिला. भर बाजारात असं कुणी करत नाही.

"बाप हाय तर तुमीच सांगा त्याला," ती म्हणाली. "माझ्याजवळ चाकू हाय म्हनून. आन् कुनी निवडला, त्ये बी सांगा."

दौलतराव तसेच उठले. चहा तसाच राहिला. घरी पोचले तेव्हा बबन दुपारच्या भाकरीला बसला होता आणि छबूबाई, त्याची आई, कालवण वाढत होती. रोजच्यासारखाच बबन. तोच घास, तेच हसणं. त्यानं खिशातून चाकू काढला आणि कांदा चिरायला घेतला. मुकादम झाला त्या दिवशी दौलतरावांनीच तो त्याला निवडून दिला होता, अर्धा दिवस घालवून.

"चाकू खाली ठेव," दौलतराव म्हणाले.

"का ओ, आबा?"

"तुझ्या वखारीत मंजुळाबाई म्हनून कोन हाय?"

बबनचा हात कांद्यावरच थांबला. घरापर्यंतच्या सगळ्या वाटेवर दौलतरावांच्या मनात एक वेडी आशा होती, की बाईचा काहीतरी गैरसमज झाला असेल. त्या थांबलेल्या हातानं ती गेली.

"कोन मंजुळाबाई?" छबूबाईनं विचारलं. बबननं चाकू जमिनीवर ठेवला. दौलतरावांनी तो उचलला, मिटला आणि आपल्या खिशात टाकला.

"आज तिला चाकू मी निवडून दिलाय," ते म्हणाले. "अंगाचा सगळा भार टाकला तरी मिटत न्हाई."