खामोश ग्रहाच्या न्यायाधीशाचे डोके

मित्रांनो, बोरीच्या शाळेत कपाटावर जी चंदेरी वस्तू दिसते ना, ती मी. मी एक जुने हेल्मेट आहे. माझी काच केव्हाच फुटली. डाव्या बाजूला एक लांबलचक तडा आहे. तुम्ही म्हणाल, असल्या फुटक्या हेल्मेटला सांगण्यासारखे काय असणार? ऐका तर.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळेभोर होते. परभणीच्या एका दुकानाबाहेर दोरीला लटकत असताना किशनरावांनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि डोक्यावर चढवले. ते बोरीहून जिंतूरला एका औषधाच्या दुकानात कामाला जात. रोज सकाळी आम्ही दोघे निघायचो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, मध्ये आम्ही.

एका संध्याकाळी अचानक रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. गाडी घसरली आणि किशनरावांचे डोके पुलाच्या कठड्यावर आपटले. म्हणजे खरे तर मी आपटले. त्यांना नुसते खरचटले. घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, मला पाटावर ठेवून हळदीकुंकू लावले. "ह्याच्यामुळं मपलं घर राहिलं," असे त्या आल्यागेल्याला सांगत. मला फार बरे वाटे.

पण तडा गेलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. नवे आले आणि माझी रवानगी शेळ्यांच्या गोठ्यात झाली. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. तिची ऊब चांगली होती, तरी सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की माझा जीव तिकडे ओढ घेई.

गोठ्याची खिडकी घरातल्या टीव्हीसमोर होती. किशनरावांची मुलगी सृष्टी सातवीत होती. तिच्या वर्गातली मुले संध्याकाळी जमत आणि हिंदीतली एक मालिका पाहत. त्यात खामोश नावाचा एक ग्रह होता. तिथे चोरी असो की चुकून एखादी रेघ ओलांडणे असो, शिक्षा एकच. गुन्हेगाराचे नाव पुसायचे. मग त्याला कुणी हाक मारायची नाही, त्याच्याकडे पाहायचे नाही, तो मरेपर्यंत. तिथला न्यायाधीश धातूचा टोप घाली. रडणे ऐकून त्याचे मन विरघळू नये, म्हणून त्या टोपाला कानाची भोकेच नव्हती. तीन साक्षीदारांचे हात वर झाले की निकाल लागे. पृथ्वीवरून गेलेली एक तरुणी नकळत रेघ ओलांडते आणि ओरडून ओरडून थकते, तो भाग पाहताना मुले श्वास रोखून बसली होती.

"लय भारी!" शिवशंकर म्हणाला. "तिथं कुणी गुन्हाच करत नसंल."

"पण तिला ठावंच नव्हतं की तिथं रेघ हाय," ऋतिका म्हणाली. ही सृष्टीची जिवाभावाची मैत्रीण. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते आणि ती आजीजवळ, धुरपदाबाईंजवळ राहत होती.

"नियम म्हंजे नियम," सृष्टी म्हणाली.

पुढे स्नेहसंमेलनात याच गोष्टीचे नाटक करायचे ठरले. सृष्टी न्यायाधीश, ऋतिका ती तरुणी. आणि टोप? सृष्टीने मला गोठ्यातून बाहेर काढले, घासून धुतले, चंदेरी रंग दिला. काचेच्या जागी दोन भोके पाडलेला पुठ्ठा चिकटवला. मी तिच्या डोक्याला सैल होत होते, म्हणून दोन्ही बाजूंनी घरचा कापूस कोंबला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर बसताना मी हरखून गेले होते.

मग एके दिवशी शाळेची पाण्याची टाकी रिकामी झाली. नळाची तोटी उघडी राहून सगळे पाणी वाहून गेले होते. गावात पाणी रोज येत नाही. त्या दिवशी खिचडी शिजली नाही, लहान मुले तहानेने रडू लागली. तिघांनी ऋतिकाला नळापाशी पाहिले होते.

"न्यायनिवाडा करू," शिवशंकर म्हणाला. "खामोशसारखा."

शाळेमागच्या कडुलिंबाखाली सगळे गोल बसले. सृष्टीने मला डोक्यावर घातले. तीन हात वर झाले. ऋतिका बोलत होती, "अगं, मी तोटी बंद करायलते, ती नुसती फिरायलती. मी सरांला सांगाय पळाले..." मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. पण सृष्टीच्या कानांवर कापूस होता. तिला फक्त आपलाच श्वास ऐकू येत होता, फूस फूस. तिने हात आडवा फिरवला. नाव पुसले गेले.

मुलांना तो खेळ वाटला असेल, पण त्यांनी तो नेटाने पाळला. वर्गात ऋतिकाशेजारची जागा रिकामी राहू लागली. तिने पेन्सिल मागितली तर कुणी मान वळवत नसे. ती पाण्याला आली की बाकीच्या मुली बाजूला होत. हळूहळू तिने बोलणे सोडले आणि मग शाळेत येणेही. धुरपदाबाई मनकर्णाबाईंना सांगत होत्या, "पोरगी म्हनते, आईकडं उसाच्या फडावर जाते, शाळा नगं. मुकादमाची गाडी चाललीय उद्या. कामून असं करायली, काही सांगतबी न्हाई." सृष्टी ते ऐकत होती. तिने मान खाली घालून ताट पुढे ओढले, पण जेवली नाही.

नाटक बसवणाऱ्या वाल्मीक सरांना यातले काहीच माहीत नव्हते. नाटक तोंडावर आले म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निरोप पाठवून ऋतिकाला तालमीला बोलावले. ती आली. प्रवेश सुरू झाला. सृष्टी मला घालून खुर्चीवर बसली आणि ऋतिका समोर उभी राहिली.

तिने नाटकातली वाक्ये म्हटलीच नाहीत. ती नळाचे सांगू लागली, पुन्हा पहिल्यापासून. सृष्टीला तिची वाक्ये पाठ होती. जिथे ओठ थांबायला हवे होते तिथे ते थांबेनात, हे तिला पुठ्ठ्याच्या भोकांतून दिसले. माझ्या आत ती घामाने भिजली. तिचा श्वास जोरजोरात माझ्या अंगावर आदळत होता. मग ऋतिका मध्येच गप्प झाली. "ह्यांला सांगून काय उपेग," असे पुटपुटून ती दाराकडे वळली.

सृष्टीने मला दोन्ही हातांनी उपसून काढले. कापूस तिच्या केसांना चिकटून राहिला.

"ऐकू न्हाई आलं मला," ती म्हणाली. "परत सांग."

ऋतिकाने सांगितले. तोटी कशी फिरत होती, ती कशी पळाली, सर बैठकीला बोरीच्या बाहेर गेलेले कसे निघाले, ती परत आली तोवर टाकी कशी रिकामी झाली.

"पण पुरावा?" शिवशंकरने विचारले.

वाल्मीक सर दारात उभे होते. "कसला पुरावा? ती तोटी मीच बदलली की दुसऱ्या दिवशी. आटे झिजले होते तिचे. मला विचारायचं होतं."

कुणालाही सरांना विचारावेसे वाटले नव्हते.

शिवशंकरचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मंग आता सृष्टीचं नाव पुसायचं. निकाल तिनं चुकीचा दिला." दोघातिघांनी मानाही डोलावल्या. सृष्टीने मला मांडीवर घट्ट धरले.

"नगं," ऋतिका म्हणाली. "मला ठावं हाय ते कसं असतंय. आजीबी झोपलेली असली की घरात आपलं नाव घ्यायला कुणी नसतंय. मी मपलंच नाव घ्यायचे, हळूच." आणि ती निघून गेली. ती रागावलेली होती, मित्रांनो, आणि तिने का रागावू नये?

दुपारी मुकादमाची गाडी यायची होती. सृष्टी मला काखेत धरूनच धुरपदाबाईंच्या दारात गेली. अंगणात कपड्यांचे गाठोडे बांधलेले होते.

"ऋतिका!" तिने हाक मारली. मग पुन्हा, "ऋतिका! ए ऋतिका!" गल्लीतली माणसे बाहेर येऊन पाहू लागली. लाज वाटून ती थांबेल असे मला वाटले, पण ती हाका मारतच राहिली. तिचा आवाज फाटला.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "ऐकू आलंय. वरडू नको."

गाडी आली आणि गेली. गाठोडे अंगणातच राहिले. दोघींची मैत्री लगेच पहिल्यासारखी झाली नाही. बरेच दिवस ऋतिका तुटक बोलत असे आणि सृष्टी ते ऐकून घेत असे. नाटकाचा शेवट मात्र मुलांनी बदलला. त्यात न्यायाधीश टोप काढून खाली ठेवतो आणि आरोपीला विचारतो, "काय झालं होतं?" मला स्टेजवर खाली ठेवले तेव्हा टाळ्या पडल्या. डोक्यावरून उतरताना मला आनंद व्हावा, असे एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडले.

मित्रांनो, गाडीवर बसताना आम्हाला जरूर घाला, पट्टा नीट लावा, तडा गेला तर बदला. आम्ही तुमचे डोके सांभाळतो. पण तुमच्यासमोर उभे राहून कुणी काही सांगू पाहत असेल, मग त्याच्याविरुद्ध कितीही हात वर झालेले असोत, तर आधी आम्हाला काढून ठेवा. कान मोकळे करा. आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.