ओपाच्या ओठातल्या मुंग्या

निन्केच्या आजोबांना, म्हणजे ओपाला, धड चालता येत नसे. सायकल मात्र झकास चालवता येई. ऐकणाऱ्याला ही थट्टाच वाटायची, पण कंपवाताची तऱ्हाच तशी. स्वयंपाकघराच्या दारात पाय असे थिजायचे, जणू कुणी ते फरशीला खिळ्यांनी ठोकलेत. तोच माणूस सायकलीवर बसवला की पाय आपले गोल गोल फिरायला लागत, काही झालंच नव्हतं अशा थाटात. म्हणून दर मंगळवारी आजोबा आणि नात जोडसायकलीवरून वाल नदीचा पूल ओलांडून नाइमेखनच्या इस्पितळात जात. हँडल पुढे बसलेल्या निन्केच्या हातात असे. ओपा मागे बसून नुसतं पायडल मारायचा.

"अख्खा जन्म हवाई दलात विमान हाकण्यात गेला," तो मागून ओरडायचा, "आणि आता शाळकरी पोरीच्या पाठीकडे बघत बसायचं."

"सामानाने बोलायचं नसतं, ओपा. ब्रेक मी मारणार, तू हात लावू नकोस."

हे सगळं सुरू झालं ते आल्प्समधल्या एका सुट्टीपासून. खूप उंचावरच्या एका लाकडी खानावळीत ते कॉफीसाठी थांबले होते. गप्पांच्या ओघात ओपा कुणाचाही हात न धरता उठला, गल्ल्यापर्यंत चालत गेला आणि साखर घेऊन परत आला. निन्केच्या आईच्या हातातला कप तोंडापर्यंत पोचलाच नाही. खाली सपाटीवर आल्यावर पाय पुन्हा थिजले ते थिजलेच. उंचावरच्या पातळ हवेने तसं झालं असेल का? इस्पितळातले डॉक्टरही नेमकं हेच तपासत होते. कमी प्राणवायूची हवा हुंगून कंपवाताच्या माणसाला उतार पडतो का, हे बघायला त्यांना माणसं हवी होती. ओपाने लगेच नाव दिलं.

चाचणीची रीत अशी होती: तोंडावर मुखवटा लावून खुर्चीत बसायचं. काही आठवडे पातळ हवा मिळणार, काही आठवडे खोलीतली साधी. केव्हा कोणती, हे बसणाऱ्याला ठाऊक नसायचं आणि तपासणाऱ्या डॉक्टर आनेलोतनाही नसायचं. ठाऊक असायचं फक्त पडद्यामागे यंत्र चालवणाऱ्याला. माणूस हवेने बरा होतो की आशेने, एवढं एकच शोधायचं होतं. ज्याला गुपित कळलं त्याचं मोजमाप बाद. जे शेवटपर्यंत नीट टिकतील, त्यांच्यातल्या काहींना पुढे घरी यंत्र मिळणार होतं. निन्केला ते यंत्र हवं होतं, वाढदिवसाची भेट हवी असावी तसं नाही, तर तहान लागल्यावर पाणी हवं असतं तसं.

आणि वसंतात चमत्कार झाला. ओपा सदऱ्याची बटणं स्वतः लावायला लागला. एका सकाळी तर काठी विसरून परसातल्या खोपटापर्यंत जाऊन आला, आणि परतताना काठी विसरलो म्हणून स्वतःवरच चिडला. निन्केने ही बातमी वर्गात सांगितली, बेकरीवाल्या बाईला सांगितली, शेजारच्यांना दोनदा सांगितली. कालव्यातल्या बगळ्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

उन्हाळा लागला. एका मंगळवारी परतताना वारा समोरून असा काही सुटला, की दोघं बंधाऱ्यावरच्या बाकावर थांबले आणि डब्यातले चीजचे सँडविच काढले. खालून एक मालवाहू बोट प्रवाहाविरुद्ध सावकाश चालली होती.

"आजची हवा पातळ होती," ओपा म्हणाला. "हल्ली काही आठवडे पातळच देतायत."

"तुला काय माहीत?"

"वसंतात दिली ती साधी होती."

निन्केचा घास तोंडात तसाच राहिला. "ओपा, मस्करी करू नकोस."

"मस्करी असती तर बरं झालं असतं." त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. त्याने तो डाव्या हाताखाली दाबून धरला. "आम्हाला तरुणपणी पोलादी खोलीत कोंडायचे. हवा पातळ करत जायचे आणि सोपी सोपी गणितं घालायचे. डोकं हलकं होईपर्यंत. का, तर प्रत्येकाची खूण वेगळी असते म्हणून. एकाचे हात गार पडायचे, एक उगाच खी खी करायचा. आपली खूण पाठ करून ठेवायची. आकाशात तीच जीव वाचवते. माझी खूण खालचा ओठ. आधी ओठात मुंग्या येतात, मग डाव्या करंगळीत."

"आणि वसंतात मुंग्या नव्हत्या?"

"एकदाही नाही. मला वाटलं, ओठही म्हातारा झाला असेल. हवा पातळच आहे, असं मी खुशाल धरून चाललो. या महिन्यात मुंग्या आल्या तेव्हा कळलं."

निन्केला आठवलं, पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, कामाच्या निमित्ताने कधी कमी प्राणवायूत राहिलात का. "तू तेव्हा म्हणालास, मालवाहू विमानं चालवायचो. बस, एवढंच. मी शेजारीच होते."

"पायलट डॉक्टरला खरं सांगत नाही, पोरी. खरं सांगितलं की जमिनीवर बसवतात. सर्दी लपवायची, कान ठणकला तर लपवायचा. अंगात मुरलंय ते."

"म्हणजे ती बटणं... ते खोपट..."

"साध्या हवेवर."

"आणि आता?"

"आता कधी लागतं बटण, कधी नाही. लावताना मी स्वतःवरच पाळत ठेवून असतो. अशा माणसाचं काय मोजणार?"

बोट वळणाआड गेली. निन्केने डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. "सांगू नकोस," ती शेवटी म्हणाली. "शेवटची भेट तेवढी राहिलीय. तुला कुणी विचारणारही नाही."

ओपाने हातातला अर्धा सँडविच डब्यात परत ठेवला.

पण विचारलं. शेवटच्या भेटीत ते सगळ्यांनाच विचारायचे. "कोणत्या आठवड्यांत कोणती हवा मिळाली असं वाटतं?" डॉक्टर आनेलोत म्हणाल्या. "नुसता अंदाज सांगा. चुकला तर उलट आम्हाला आनंदच."

निन्के ओपाकडे टक लावून बघत राहिली. इतकी, की तिचे डोळे चुरचुरायला लागले. ओपाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"अंदाज नाही," तो म्हणाला. "मला माहीत आहे." आणि त्याने पोलादी खोलीपासून करंगळीपर्यंत सगळं सांगितलं, एकेक वाक्य सुटं सुटं, अपघाताची खबर द्यावी तसं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"तुमचे सगळे महिने मला बाजूला काढावे लागतील. घरच्या यंत्रासाठीही तुमचं नाव देता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग आज तरी का सांगितलंत?" हे निन्केने विचारलं. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि रागाच्या भरात तिने ओपाला चक्क अहोजाहो केलं होतं.

ओपाने मान वळवली. "मी लपवलं तर माझी बटणं यांच्या हिशेबात जातात. उद्या कुणीतरी माझ्यासारखा म्हातारा त्या बटणांवर भरवसा ठेवून या खुर्चीत बसेल. खोट्या नकाशावरून विमान उतरवायला सांगण्यासारखं आहे ते."

"म्हणजे वसंत खोटा होता," निन्के म्हणाली.

"नाही," डॉक्टर आनेलोत म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मवाळ झाला होता. "या आजारात आशेनेसुद्धा मेंदू खरोखर हलतो. तुझे ओपा चालले ते खरंच चालले. पण आशा मला बाटलीत भरून पुढच्याला देता येत नाही. हवा देता आली असती. ती उपयोगाची आहे की नाही, ते मला अजून माहीत नाही."

निन्के बाहेर आली. ओपाला कोट चढवायला वेळ लागणार होता. बाहेरच्या खुर्च्यांवर जांभळ्या रेनकोटातल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची हनुवटी सारखी थरथरत होती, आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद त्यांनी मुठीत घट्ट धरले होते.

"मघाशी इथे विमानाच्या गोष्टी सांगत होते, त्या आजोबांची तू नात ना गं?" बाईंनी विचारलं. "मी पुढच्या तुकडीतली. आज पहिलाच दिवस. खरं सांग, फरक पडतो का?"

निन्केच्या ओठांवर सगळं एकदम आलं: वसंत, खोपट, मुंग्या, संताप. एका शब्दात या बाईंना हसवता आलं असतं, दुसऱ्या शब्दात रडवता आलं असतं. आणि दोन्हींपैकी काहीही केलं, तरी तेच मनात घेऊन बाई खुर्चीत बसल्या असत्या आणि त्यांचेही सगळे महिने वाया गेले असते.

ती त्यांच्या शेजारी बसली. "ते मला सांगता यायचं नाही, काकू," ती म्हणाली. "खुर्ची मात्र मऊ आहे. आणि ते जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. पहिल्याच दिवशी."

बाईंनी मान डोलावली आणि पिशवीचे बंद थोडे सैल सोडले. दार उघडलं. चौकटीत ओपा उभा होता, पाय थिजलेले, कोट अर्धाच अंगात. निन्के उठली आणि त्याची दुसरी बाही धरायला गेली.